बोलक्या इंजिनांच्या गोष्टी मुलांना मराठीतून सांगायच्या असतील तर

रात्री अंथरुणात ‘इंजिनाची गोष्ट सांग’ असा हट्ट सुरू झाला की बहुतेक घरांत मोबाइलवर त्या निळ्या इंजिनाचं कार्टून लागतं. थॉमस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पण थॉमसच्या मागे १९४५ पासूनची पुस्तकं उभी आहेत आणि त्या पुस्तकांतली इंजिनं फार जोरात भांडतात. रुसतात, टोमणे मारतात, ‘हे काम माझ्यासारख्याचं नाही’ म्हणून अडून बसतात. त्या प्रत्येक भांडणाचं मूळ रेल्वेच्या खऱ्याखुऱ्या कामात असतं, म्हणून मुलांना ते पटतं.

आमच्या घरातल्या मुलांना मी ही पुस्तकं समोर ठेवून मराठीतून सांगत आले आहे. इंग्रजी मजकूर तसाच वाचून दाखवला तर मुलं चित्रं बघतात आणि पान उलटायची घाई करतात. भांडण मात्र आपल्या भाषेत कानावर पडावं लागतं, तरच त्यात जीव येतो. पहिल्यांदाच हे करून बघणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करायची

मालिकेचं नाव ‘द रेल्वे सीरीज’. लेखक विल्बर्ट ऑड्री, इंग्लंडमधले धर्मगुरू. १९४५ ते १९७२ या काळात त्यांनी २६ छोटी पुस्तकं लिहिली. १९८३ पासून त्यांचा मुलगा क्रिस्टोफर याने मालिका पुढे चालवली. प्रत्येक पुस्तकात चार गोष्टी असतात, एका बाजूला मजकूर आणि समोर चित्र. एक गोष्ट पाच-सात मिनिटांत सांगून होते. सगळी २६ पुस्तकं एकत्र बांधलेला खंडही मिळतो, पण तो जड असतो आणि मुलाला स्वतःच्या हातात धरता येत नाही. सुटी छोटी पुस्तकं मिळाली तर तीच घ्या.

थॉमसपासून सुरू करू नका. मुलाला तो आधीच माहीत असतो, त्यामुळे ते तुम्हालाच गोष्ट सांगायला लागतं. ‘द थ्री रेल्वे इंजिन्स’ हे १९४५ चं पहिलं पुस्तक घ्या. त्यात थॉमस नाहीच. एडवर्ड, गॉर्डन आणि हेन्री ही तीनच इंजिनं आहेत, आणि चौथ्या गोष्टीत त्या तिघांचं भांडण मिटतं. एक भांडण सुरू होऊन चार रात्रींत संपतं, इतकी नीट सोय दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मग १९४६ चं थॉमसचं पुस्तक, मग जेम्सचं. १९५० च्या ‘ट्रबलसम इंजिन्स’पर्यंत क्रमाने जा, तिथे मोठी इंजिनं चक्क संप करतात. त्यापुढे मुलाच्या आवडीने कुठलंही उचला. फक्त डिझेलच्या गोष्टी घाईने काढू नका. त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

एक सूचना जुनी पुस्तकं विकत घेणाऱ्यांना. हेन्रीवरच्या १९५१ च्या पुस्तकाच्या जुन्या छपाईत, काजळीने माखलेल्या मुलांचं वर्णन करताना कृष्णवर्णीयांना हिणवणारा एक शब्द आला आहे. पुढच्या आवृत्त्यांत तो काढून टाकला. हातात जुनी प्रत असेल तर ती गोष्ट आधी एकट्याने वाचून ठेवा.

दुसरी पायरी: गोष्टींमागची गोष्ट

ही माहिती मुलाला लगेच सांगायची नाही, तुमच्याजवळ असू द्यायची. ऑड्रींचं लहानपण विल्टशरमधल्या बॉक्स नावाच्या गावी गेलं. घराजवळून ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मुख्य मार्ग जात होता आणि जवळच ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला, १८४१ साली सुरू झालेला बॉक्स बोगदा होता. बोगद्याकडे जाताना चढ लागतो, शंभर फुटांना एक फूट. जड मालगाडीला तो एकटीने झेपत नसे, म्हणून मागून ढकलायला एक जादा इंजिन तिथे तयार ठेवलेलं असे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लहान विल्बर्टला पुढच्या इंजिनाची धाप आणि मागच्याची धाप ऐकू यायची. पुढचं म्हणतंय, मला नाही जमत; मागचं म्हणतंय, जमेल, जमेल. या गोष्टींचं बी तिथे पडलं.

पुढे १९४३ मध्ये लहानग्या क्रिस्टोफरला गोवर आला. अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या मुलाचं मन रमवायला वडिलांनी इंजिनांच्या गोष्टी रचल्या. मुलगा त्याच त्याच गोष्टी पुन्हा मागायचा आणि एखादा शब्द बदलला तरी पकडायचा. तेव्हा वडिलांनी त्या कागदावर उतरवल्या. पत्नी मार्गारेट मागे लागली म्हणून त्या प्रकाशकाकडे पोहोचल्या.

यात सांगणाऱ्याने घ्यावं असं पुष्कळ आहे. या गोष्टी आधी तोंडी होत्या, आजारी मुलासाठी होत्या, आणि ऐकणाऱ्याने शब्द पक्के करून घेतले होते. तुम्हीही एकदा एखादं वाक्य ठरवलंत की ते बदलू नका. मूल बदलू देणार नाही.

तिसरी पायरी: कोणाला कशाचा गर्व आहे ते पाठ करा

मुलांना नावांआधी स्वभाव लक्षात राहतात. गॉर्डन सर्वांत मोठा आणि एक्सप्रेस ओढणारा; मालगाडी ओढायला सांगितली की त्याचा अपमान होतो. हेन्री दिसायला भव्य, पण तब्येतीने नाजूक आणि रंगाला जपणारा. जेम्स लालभडक, आपल्या रंगावरच खूश. एडवर्ड जुना, अंगाने मध्यम, कोणाच्या अध्यात ना मध्यात; बाकीचे त्याला भंगार म्हणून हिणवतात आणि प्रत्येक अडचणीत त्यालाच बोलावतात. थॉमस ठेंगणा. स्टेशनात डबे जोडायचं-सोडायचं काम करतो आणि मोठ्यांच्या खोड्या काढतो. पर्सी त्याच्याहूनही लहान.

ही सगळी भांडणं कामाच्या वाटणीवरून आहेत. एक्सप्रेस कोण ओढणार, मालगाडी कोणाच्या वाट्याला येणार, यार्डात शंटिंग कोण करणार. मुलाला हे चटकन कळतं, कारण घरात आणि शाळेतही तेच चालू असतं: फळा पुसायचा मान कोणाला, पुढच्या बाकावर कोण, पाहुण्यांना पाणी कोण नेऊन देणार. त्याला समजावायची गरज पडत नाही. फक्त ‘एक्सप्रेस’ आणि ‘शंटिंग’ यांतला फरक एकदा दाखवा. जेवणाच्या टेबलावर पाच डबे मांडा, एकाने ते नुसते इकडून तिकडे लावून द्यायचे आणि दुसऱ्याने ते घेऊन ऐटीत स्वयंपाकघरात जायचं. डबे लावणाऱ्याला का राग येतो, ते मूल स्वतःच सांगेल.

मालिकेच्या सुरुवातीच्या पुस्तकांत कायमचा खलनायक कोणी नाही. आज फुशारकी मारणारा उद्या खड्ड्यात पडतो, परवा दुसऱ्याला हात देतो. मला या पुस्तकांचं सगळ्यात जास्त हेच आवडतं. म्हणून कोणाही इंजिनाचा आवाज कायमचा दुष्ट करून ठेवू नका. गॉर्डनलासुद्धा मवाळ व्हायला जागा ठेवा.

चौथी पायरी: इंजिन चालतं कसं, एवढं तरी समजून घ्या

ऑड्रींचा आग्रह होता की गोष्टीतला प्रसंग खऱ्या रेल्वेवर घडलेला किंवा घडू शकेल असा असावा. इंजिनं बोलतात, पण ड्रायव्हर आणि फायरमनशिवाय जात नाहीत. रूळ जिथे नेतील तिथेच जातात. ही चौकट सांगणाऱ्याने मोडली की भांडणाचा पायाच जातो. गॉर्डन रागावून शेतातून पळत सुटला असं सांगितलंत, तर पुढच्या गोष्टीत तो चढावर अडकला याची कोणाला काळजी वाटणार?

वाफेसाठी कुकर पुरेसा आहे. कुकरमध्ये पाणी, खाली आग, पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट हवी असते म्हणून शिट्टी होते. इंजिनात तीच वाफ दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या चाकं फिरवतो. भट्टीत कोळसा कमी पडला किंवा हलका आला की वाफ धरत नाही. हेन्रीचं दुखणं नेमकं हेच आहे: त्याची भट्टी लहान, म्हणून साध्या कोळशावर त्याचा दम टिकत नाही आणि त्याच्यासाठी वेल्समधून उंची कोळसा मागवावा लागतो. आमच्याकडे ही गोष्ट कुकर गॅसवर असताना सांगितली होती. तिसरी शिट्टी झाल्यावर ‘हेन्री बरा झाला’ अशी घोषणा झाली.

टँक इंजिन आणि टेंडर इंजिन हा फरकही लागतो. थॉमस आणि पर्सी आपलं पाणी आणि कोळसा अंगावरच घेऊन फिरतात. गॉर्डन, हेन्री, जेम्स आणि एडवर्ड यांच्या मागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी असते, ती टेंडर. टेंडरमुळे उलटं चालवताना ड्रायव्हरला नीट दिसत नाही, म्हणून अशा इंजिनाला मोठ्या गोल फिरत्या कट्ट्यावर चढवून तोंड फिरवून द्यावं लागतं. लहान टँक इंजिन दोन्हीकडे तितक्याच सहज जातं. त्यामुळे शंटिंग लहानांकडे आणि मोठे म्हणणार, टेंडरवाल्यांनी शंटिंग करायचं नसतं! १९५० च्या पुस्तकातला संप यातूनच पेटतो. गॉर्डन, हेन्री आणि जेम्स आपले डबे स्वतः आणायला नकार देतात, त्यांना शेडमध्ये बंद करतात, आणि एडवर्ड, थॉमस व नवा आलेला पर्सी मिळून सगळ्या गाड्या चालवतात.

पाचवी पायरी: मराठी शब्द आधीच ठरवून ठेवा

इथे मराठीने आपल्याला एक सुरेख भेट दिली आहे. मालगाडीच्या डब्याला आपण ‘वाघीण’ म्हणतो. या गोष्टींत मालगाडीचे डबे महाव्रात्य असतात. इंजिनाला मागून ढकलतात, चढावर ओढून धरतात, उतारावर ‘चला चला’ करून त्याला पळवतात. इंग्रजीत ते नुसते ‘ट्रक’ आहेत. मराठीत ‘वीस वाघिणी थॉमसच्या मागे लागल्या’ असं म्हटलं की मूल पांघरुणातून उठून बसतं. मग दोन्ही अर्थ सांगा आणि तो शब्द सोडू नका.

इंजिन हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी. ‘ते इंजिन आलं’, पण ‘गॉर्डन आला’. दोन्ही चालतात, नाव घेतलं की ‘तो’, नाव नसेल तर ‘ते’, एवढा नियम ठेवा. अडचण येते ती ॲनी आणि क्लॅराबेलची. त्या थॉमसच्या मागचे दोन डबे, पण बायका आहेत, आणि आपला ‘डबा’ पुल्लिंगी. ‘डबा म्हणाली’ कानाला खटकतं. मी पहिल्यांदा ओळख करून देताना ‘थॉमसचे दोन डबे, त्यांची नावं ॲनी आणि क्लॅराबेल’ असं सांगते आणि नंतर डबा हा शब्दच टाळून नावानेच बोलते.

रेल्वेच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘साहेब’ म्हणा, दुसरं काही शोधू नका. मूळ पुस्तकांत त्याला त्याच्या लठ्ठपणावरून ओळखतात. पहिल्या पुस्तकांत तो डायरेक्टर असतो. १९४८ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारी झाल्या, तेव्हा तो कंट्रोलर झाला. आपल्याकडे रेल्वेत ‘साहेब आले’ एवढ्या दोन शब्दांनी अख्खं यार्ड सरळ होतं, ते वजन त्या शब्दात आधीच आहे. इंजिनं एकमेकांशी ‘तू’ने बोलतील, साहेबांशी ‘अहो’ने, आणि साहेब सगळ्यांना ‘तू’. एडवर्डला लहान इंजिनांनी ‘काका’ म्हणावं असं मला एकदा वाटलं होतं. करून पाहिलं आणि सोडून दिलं. काका म्हटल्यावर त्याला भंगार म्हणणं कोणालाच जमेना आणि गोष्टच अडली.

बाकी शब्द आपल्या तोंडी आहेत तेच: रूळ, सांधा, सिग्नल, फाटक, फलाट, बोगदा, गार्ड, शेड, घसरणं.

सहावी पायरी: आवाज आणि ठेका

दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ बाहेर पडते, म्हणजे चार ठोके. म्हणून इंजिनाचं वाक्य चार ठोक्यांत बसवा आणि पहिल्या ठोक्यावर जोर द्या. चढावर गॉर्डन म्हणतो:

ना-ही-ज-मत... ना-ही-ज-मत...

आणि मागून एडवर्ड:

जम-वू-आ-पण, जम-वू-आ-पण.

पुढच्याचा ठेका संथ, मागच्याचा जलद. दोन जण घरात असाल तर एकाने गॉर्डन व्हावं आणि एकाने एडवर्ड. माथा जवळ आला की दोन्ही ठेके एक व्हायला लागतात, आणि उतार लागला की ‘जम-लं-जम-लं, जम-लं-जम-लं’ पळत सुटतं. हे कागदावर वाचून कळत नाही. आधी एकट्याने, मांडीवर थाप देत, दहा वेळा म्हणा.

ही गोष्ट आहे पहिल्या पुस्तकातली दुसरी, आणि मी नवख्यांना नेहमी हीच आधी सांगायला सुचवते. गॉर्डन एडवर्डसमोर बढाया मारतो. मग त्याच्याच वाट्याला मालगाडी येते. चढावर तो अडतो, आणि त्यात जमत नसल्यापेक्षा मनात नसल्याचा भाग मोठा आहे. एडवर्ड येतो, मागून डोकं लावतो आणि पूर्ण ताकदीने ढकलतो. माथ्यावर पोहोचताच गॉर्डन उतारावरून सुसाट निघून जातो. आभार मानायला थांबत नाही. एडवर्ड धापा टाकत मागे राहतो.

इथे थांबा. खरंच थांबा, चार श्वास काहीच बोलू नका. मूल काय म्हणतं ते ऐका. आमच्याकडे एकदा ‘त्याने थँक्यू म्हटलंच नाही’ असं आलं, आणि एकदा, दुसऱ्या मुलाकडून, ‘एडवर्डला माहीत होतं तो थांबणार नाही ते’. दोन्ही बरोबर. मग साहेब एडवर्डला नव्या रंगाचं वचन देतात, तो शेवट सांगा आणि दिवा घालवा. ‘यावरून आपण काय शिकलो’ हे विचारू नका. ते विचारलंत की पुढच्या रात्री मूल गोष्टीऐवजी उत्तर शोधत बसतं.

सातवी पायरी: शिक्षा आली की

पहिल्याच पुस्तकात एक कठीण जागा आहे. हेन्री पावसाने रंग खराब होईल म्हणून बोगद्यात शिरून बसतो. विनवण्या होतात, उतारू दोर लावून ओढतात, मागून ढकलतात. तो हलत नाही. शेवटी रूळ काढून त्याच्या पुढे भिंत बांधतात आणि त्याला तिथेच ठेवतात. गोष्ट तिथे संपते.

काही मुलं ही ऐकून रात्री रडतात. मी एकदा ती वगळली. चूक केली, कारण चौथी गोष्ट हिच्याशिवाय उभीच राहत नाही. आता मी या दोन्ही गोष्टी एकाच रात्री सांगते. गॉर्डन एक्सप्रेस घेऊन ऐटीत निघतो आणि त्याचा वाफेचा व्हॉल्व फुटतो. एडवर्डला एकट्याला ते डबे ओढवत नाहीत. तेव्हा साहेबांना हेन्री आठवतो. भिंत फोडतात, काजळलेला, कोळिष्टकांनी भरलेला हेन्री बाहेर येतो आणि एडवर्डच्या जोडीने गाडी नेतो. परतताना दोघं मिळून गॉर्डनलाही घरी आणतात. ज्याने येता-जाता हिणवलं होतं त्याला. भिंतीत अडकलेल्या हेन्रीला मूल चोवीस तास मनात घेऊन फिरलं तर ते फार लांबतं. अर्ध्या तासात तो बाहेर आला तर भिंत सोसवते.

मूल विचारेल, भिंत बांधणं बरोबर होतं का? तुम्हाला जे वाटतं ते खरं सांगा. मी सांगते की मला ते जास्त वाटतं.

आठवी पायरी: वाफ विरुद्ध डिझेल, सहाव्या वर्षानंतर

१९५८ च्या ‘डक अँड द डिझेल इंजिन’पासून भांडणाचा पोत बदलतो. आतापर्यंत घरातली भावंडं भांडत होती. आता परका येतो. डिझेल गोडबोल्या आहे, शंटिंगमध्ये त्याची फजिती होते, वाघिणी त्याच्यावर गाणी करून हसतात, आणि तो त्याचं उट्टं अफवा पसरवून काढतो. गॉर्डन, हेन्री आणि जेम्स यांना डक या वाफेच्या इंजिनाने नावं ठेवली असं तो वाघिणींच्या तोंडी पेरतो. तिघं खरं मानतात आणि डकला शेडची वाट अडवतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला गाडी घसरल्याचं दुःख कळतं. खोटं बोलून मित्र तोडल्याचं दुःख कळायला शाळेचा थोडा अनुभव लागतो. म्हणून मी सहा वर्षांपर्यंत थांबते.

मोठ्या मुलाला मागची खरी गोष्टही सांगा. १९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफेऐवजी डिझेल आणि वीज आणायची मोठी योजना जाहीर केली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मुख्य रेल्वेवर वाफेची नियमित गाडी बंद झाली. हजारो इंजिनं भंगारात गेली. ऑड्री हे होत असताना लिहीत होते. त्या १९६८ च्याच पुस्तकात एक वाफेचं इंजिन भंगारातून लपतछपत पळून येतं. डग्लस नावाचं इंजिन त्याला मदत करतं, आणि साहेब त्याला आसरा देतात. म्हणजे या गोष्टी जिथे घडतात ते सोडोर हे काल्पनिक बेट वाफेच्या इंजिनांचं शेवटचं घर झालं. बेटाची जागाही ऑड्रींनी विचार करून ठरवली होती: आइल ऑफ मॅन आणि इंग्लंडचा किनारा यांच्या मधल्या समुद्रात. आइल ऑफ मॅनच्या बिशपच्या पदवीत ‘सोडोर अँड मॅन’ असं नाव येतं, पण सोडोर नावाचं बेट नकाशावर सापडत नाही. ती मोकळी जागा त्यांनी भरली.

डिझेलच्या वाट्यालाही माया आहे. १९६१ च्या पुस्तकात डेझी नावाची डिझेलवर चालणारी डबागाडी येते. दुधाचा डबा जोडायला नकार देते, नखरे करते, आणि हळूहळू तिथल्या छोट्या शाखामार्गाची होऊन जाते. डिझेल म्हणजे दुष्ट असं मुलाच्या मनात बसू लागलं तर डेझी पुढे आणा.

नववी पायरी: आपली गोष्ट रचा

वर्षभर ऐकल्यावर मूल म्हणणारच, ‘आपल्या गाडीची सांग.’ तेव्हा थॉमसला पुण्याला आणू नका. तो सोडोरचा आहे, तिथेच शोभतो. मात्र बॉक्सच्या चढावर जे घडत होतं तेच आपल्या दारात रोज घडतं. बोरघाटात आणि थळघाटात चढ सदतीस फुटांना एक फूट आहे, म्हणजे बॉक्सपेक्षा जवळजवळ तिप्पट. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात. नाशिकच्या बाजूला कसारा ते इगतपुरी तेच. रेल्वेतली माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. एडवर्डचं काम करणारी विजेची इंजिनं! आणि डब्यात बसलेल्या कोणाला त्यांचं नावही माहीत नसतं.

ऑड्रींचा नियम पाळा: जे घडू शकतं तेच. मी रचलेली एक गोष्ट थोडक्यात देते, म्हणजे सांगाडा कळेल.

कर्जतच्या फलाटामागे बँकर उभा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईहून सोलापूरला वंदे भारत सुरू झाली. तिला वेगळं इंजिनच नाही. तिची ताकद डब्यांखालीच वाटून दिलेली आहे, त्यामुळे घाट चढायला ती कोणाला बोलावत नाही. ती संध्याकाळी बँकरसमोरून जाताना म्हणते, ‘मला मागून कोणी लागत नाही हं!’ बँकर गप्प. त्याला तुम्ही नाव दिलं नसेल तर मूल देईल. आमच्याकडे त्याचं नाव ‘ढकलू’ पडलं. मग आषाढातली एक संध्याकाळ. धबधबे, धुकं, ओले रूळ. पुढे एक जड मालगाडी घाट चढतेय आणि तिची चाकं जागच्या जागी फिरताहेत. ढकलू तिच्या मागे आहे. त्या मालगाडीच्याही मागे, लाल सिग्नलला, वंदे भारत उभी. कितीही ताकद असली तरी पुढचा रस्ता मोकळा झाल्याशिवाय तिला हलता येत नाही. ढकलू रुळांवर वाळू सोडतो, दम धरतो आणि इंचाइंचाने मालगाडी वर नेतो. सिग्नल हिरवा होतो. लोणावळ्याला वंदे भारत त्याच्या शेजारून जाते तेव्हा ती काय म्हणते?

हे शेवटचं वाक्य मी ठरवून ठेवलेलं नाही. ते दर वेळी ऐकणाऱ्याने म्हणायचं. कधी ती ‘थँक्यू ढकलू’ म्हणते, कधी नुसती शिट्टी देते, आणि एकदा आमच्याकडे ती काहीच न बोलता गेली, कारण ‘तिला लाज वाटली’.

इथे वंदे भारतला बिघडवायचा मोह होतो. करू नका. तिला नमवण्यासाठी खोटा बिघाड आणलात तर मुलाला वास येतो. सिग्नल पुरेसा आहे. रेल्वेत प्रत्येक जण पुढच्याच्या मागे असतो.

दहावी पायरी: मुलाला खरं इंजिन दाखवा

माथेरानची दोन फुटांच्या रुळांवरची छोटी गाडी १९०७ पासूनची. तिची जुनी वाफेची इंजिनं जर्मनीत बांधलेली होती, आणि नेरळला असं एक इंजिन उभं करून ठेवलेलं पाहायला मिळतं. नागपूरला मोतीबागेत छोट्या रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे मुलाला भट्टीचं दार, धुराडं आणि कोळशाची जागा बोट लावून दाखवता येते. टँक इंजिन की टेंडर इंजिन, हे आधी त्यालाच ओळखू द्या.

ब्रिटनमधल्या मराठी घरांना तर मूळ जागाच जवळ आहेत. वेल्समधली टॅलिथ्लिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी वाचवली. अशी वाचलेली जगातली ती पहिली रेल्वे. ऑड्री स्वतः तिथे गार्डचं काम करायला जात. एकदा त्यांनी फराळाचं दुकान सांभाळणाऱ्या बाईंना मागे विसरून गाडी सोडली, आणि तो प्रसंग पुढे १९५५ च्या पुस्तकातल्या छोट्या इंजिनांच्या गोष्टीत आला. ती गोष्ट सांगून मग त्याच गाडीत बसा.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर एका रविवारी लांब पल्ल्याच्या गाडीने पुण्याकडे जा. कर्जतला गाडी थांबली की सगळे वडापाव घ्यायला उतरतात. तुम्ही उतरू नका. मुलाला सीटवर सरळ बसवा, पाठ टेकवायला सांगा आणि बोलू नका. थोड्या वेळाने मागून एक हलका धक्का येतो, डब्यातून डब्यात सरकत पुढे जातो. मूल तुमच्याकडे बघेल. तेव्हा फक्त एवढंच म्हणा: ‘आला.’